अल्टोचा क्लच घरीच बदलायचा असेल तर

क्लच प्लेट म्हणजे नाश्त्याच्या ताटलीएवढी एक चकती. सहा बोल्ट सोडले की ती हातात येते आणि नवी बसवायला वीस मिनिटंही लागत नाहीत. अडचण एवढीच की ती इंजिन आणि गिअरबॉक्स यांच्या मधोमध बसलेली असते. तिच्यापर्यंत पोचायचं तर अख्खा गिअरबॉक्स बाजूला सरकवून खाली उतरवावा लागतो. म्हणून क्लच बदलायला निघालेल्या माणसाने मनाशी पक्कं करावं की आपल्याला गिअरबॉक्स काढून परत चढवायचा आहे, क्लच वाटेत भेटणार आहे. हे आधी कळलं तर सामान नीट जमवता येतं, वेळ नीट धरता येतो आणि रविवारी संध्याकाळी अर्धी उघडलेली गाडी घेऊन बसायची वेळ येत नाही.

मी लिहितोय ते २००० साली आलेल्या जुन्या अल्टोबद्दल. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, पुढची चाकं ओढणारी, केबलचा क्लच. मारुती ८०० वर काम केलं असेल तर इथे फार काही वेगळं दिसणार नाही. घरी शिकायला याच्याइतकी सोयीची गाडी नाही. गिअरबॉक्स पंचवीस-तीस किलोंच्या आसपास, इंजिनाच्या भोवती हात घालायला जागा आणि इलेक्ट्रॉनिक भानगडी जवळपास शून्य. याउलट डिझेल गाडीत दुपदरी फ्लायव्हील (इंजिनाच्या टोकाचं जड चाक, ज्याला क्लच प्लेट टेकते) असेल, क्लच हायड्रॉलिक असून त्याचा सिलिंडर गिअरबॉक्सच्या आतच बसलेला असेल किंवा गाडी एएमटी, म्हणजे गिअर आपोआप बदलणारी असेल, तर तिच्यावर पहिला हात मारू नका.

आधी खात्री करा

क्लच गेला म्हणून गॅरेजमध्ये आलेल्या बऱ्याच गाड्यांचं दुखणं केबलमध्ये असतं. क्लच प्लेट झिजते तसतशी पेडलची सुरुवातीची मोकळी हालचाल कमी होत जाते. केबल वेळेवर ढिली केली नाही, तर एक दिवस ही मोकळीक शून्यावर येते आणि पाय पेडलवर नसतानाही क्लच थोडा दाबलेलाच राहतो. मग तो घसरतो आणि घसरून आणखी झिजतो. म्हणून पहिलं काम हाताने करायचं. पेडल बोटांनी दाबून बघा. सुरुवातीला साधारण दीड-दोन सेंटिमीटर सैल जायला हवं. ते जात नसेल तर केबलचा नट ढिला करा आणि दोन दिवस गाडी चालवून बघा. केबल काही शे रुपयांत येते आणि अर्ध्या तासात बदलते.

मोकळीक बरोबर असूनही घसरत असेल तर सपाट, मोकळ्या रस्त्यावर चौथ्या गिअरमध्ये ताशी चाळीसच्या वेगाने जाताना ॲक्सिलरेटर एकदम दाबा. इंजिनाचा आवाज चढला आणि गाडीचा वेग तिथेच राहिला, तर प्लेट संपली. जुन्या अल्टोत आरपीएमचा काटा नसतो, पण कान पुरेसा आहे. खंबाटकी किंवा कशेडी चढताना हेच लक्षण ओळखू येतं आणि सोबत जळका वास येतो. एकदा वास आला की नाकाला तो कायमचा कळतो.

आवाजावरूनही निदान होतं. पेडल दाबल्यावर घर्रर्र सुरू होत असेल तर रिलीज बेअरिंग, म्हणजे पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं बेअरिंग गेलंय. उलट गाडी न्यूट्रलला असताना आवाज येतो आणि पेडल दाबलं की थांबतो, तर दोष गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टच्या (क्लच प्लेटमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांडीच्या) बेअरिंगमध्ये असण्याची शक्यता जास्त. मग नुसता क्लच बदलून उपयोग नाही. गाडी उचलताना थरथरते, धक्के देते, तेव्हा प्लेटवर तेल आलेलं असतं किंवा इंजिनाचे माउंटिंग, म्हणजे इंजिन ज्यांवर बसतं ते रबरी आधार, फाटलेले असतात. माउंटिंग आधी बघा, ते स्वस्त आहेत.

कोकणातल्या वाचकांसाठी एक वेगळी गोष्ट. चार महिने पावसाळ्यात गाडी उभी राहिली की कधी कधी प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते. पेडल पूर्ण दाबलं तरी गिअर पडत नाही. ही प्लेट संपलेली नसते, नुसती चिकटलेली असते. बऱ्याचदा इंजिन चांगलं तापवलं, मग बंद करून गिअर टाकला, समोर भरपूर मोकळी जागा ठेवून पेडल दाबलेल्या अवस्थेत स्टार्टर मारला की झटक्याने सुटते. गाडी लगेच पुढे धावणार हे धरूनच हा प्रयोग करायचा, पाय ब्रेकवर तयार ठेवायचा आणि समोर माणूस उभा राहू द्यायचा नाही.

सामान

क्लच सेट घ्या, म्हणजे क्लच प्लेट, तिला फ्लायव्हीलवर दाबून धरणारी प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग, तिन्ही एकत्र. फक्त प्लेट बदलून पैसे वाचवणारे लोक सहा महिन्यांनी बेअरिंगसाठी तोच गिअरबॉक्स पुन्हा उतरवतात. सेट बहुधा दोन-तीन हजारांच्या घरात येतो. या सुट्या भागात नकली मालाचा सुळसुळाट आहे, त्यामुळे ओळखीच्या दुकानातून आणि बिल घेऊनच घ्या. एक्सेडी, व्हॅलिओ, लुक ही नेहमीची नावं. त्यातल्या एक्सेडीचा इथला कारखाना छत्रपती संभाजीनगरात आहे. तो पूर्वी सीके डायकिन या नावाने चालायचा आणि जुने मिस्त्री अजून त्याला डायकिनच म्हणतात.

सेटसोबत गिअर ऑइल घ्या, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्याच दर्जाचं. बहुतेक ठिकाणी ७५डब्ल्यू-९० आणि जीएल-४ असं मिळेल. जीएल-५ चांगलं असेल म्हणून ते घेऊ नका. जुन्या गिअरबॉक्समधल्या पितळी रिंगांना त्यातली काही रसायनं मानवत नाहीत. क्रँकचं मागचं ऑइल सील, ड्राइव्ह शाफ्टची (गिअरबॉक्सपासून चाकांपर्यंत जाणाऱ्या दांड्यांची) दोन ऑइल सील आणि नवी क्लच केबलही आणून ठेवा. लागली नाहीत तर दुकानदार परत घेईल, लागली आणि नसली तर मात्र गाडी तशीच राहील.

अवजारांत ८ पासून १९ पर्यंतचे रिंग पाने आणि सॉकेट, लांब एक्स्टेन्शन, टॉमी, जाड पेचकस, हातोडी, पक्कड, टायर लिव्हरच्या जोडीएवढी एखादी पहार, दीड-दोन फुटांचा पोकळ पाइप, गंज सोडवणारा स्प्रे, ब्रेक क्लीनरचा डबा, थोडं उष्णता सोसणारं ग्रीस. याशिवाय दोन जॅक आणि दोन चांगले जॅक स्टँड. स्टँड भाड्यानेही मिळतात. टॉर्क रेंच (किती जोर लागला ते दाखवणारा पाना) असेल तर उत्तम. आणि एक दुसरा माणूस. हे अवजारांच्या यादीतच लिहितोय, कारण गिअरबॉक्स उतरवायला आणि चढवायला चार हात लागतातच.

जागा आणि उचलणं

काँक्रीटची सपाट जागा हवी. माती किंवा डांबर नको, उन्हात डांबरात स्टँडचे पाय रुततात. सोसायटीच्या पार्किंगमध्ये करणार असाल तर सेक्रेटरींना आधीच सांगून ठेवा आणि खाली जुने फ्लेक्स अंथरा. निवडणुकीनंतर ते मुबलक मिळतात.

चाकांचे नट गाडी जमिनीवर असतानाच पाव वळसा सैल करा. मागच्या चाकांना पुढून-मागून दगड किंवा लाकडी ठोकळे लावा. हँडब्रेक मागच्या चाकांवरच असतो, तो ओढा. मग पुढचा भाग उचलून दोन्ही बाजूंना जॅकच्या खाचेजवळ स्टँड लावा. विटा, सिमेंटचे ब्लॉक, चाकाच्या रिम यांवर गाडी ठेवायची नाही. वीट आधी सूचना देऊन फुटत नाही. स्टँडवर बसल्यावर गाडीला आडवा जोरात धक्का मारा. हलली तर आत्ताच हलू दे, तुम्ही खाली असताना नको. उतरवलेली दोन्ही चाकं दारांखाली आडवी सरकवून ठेवा, काही झालंच तर गाडी त्यांच्यावर थांबेल.

किती उंच? गिअरबॉक्स जॅकवर बसलेल्या अवस्थेत बंपरखालून बाहेर सरकला पाहिजे. पहिल्यांदा करणारे हे हमखास विसरतात आणि गिअरबॉक्स सुटल्यावर त्याला बाहेर काढायला गाडी पुन्हा उचलत बसतात. बेल हाउसिंगची (गिअरबॉक्सचा क्लच झाकणारा रुंद भाग) उंची आणि जॅकची सर्वांत खालची उंची, दोन्ही मापून बघा.

वरून जे सुटतं ते

बॅटरीची आधी निगेटिव्ह, मग पॉझिटिव्ह तार काढा. बॅटरी आणि तिचा ट्रे बाहेर. त्याखालीच गिअरबॉक्स आहे, डावीकडे, म्हणजे चालकाच्या शेजारच्या माणसाच्या बाजूला. एअर फिल्टरचा डबा काढलात की हात सहज पोचतो. प्रत्येक गोष्ट काढण्याआधी मोबाइलने फोटो काढा, जवळून आणि लांबून. संध्याकाळी कुठली तार कुठल्या ब्रॅकेटखालून गेली होती हे कुणालाच आठवत नाही.

क्लच केबलचा नट पूर्ण सोडून केबल रिलीजच्या दांडीतून बाहेर काढा. स्पीडोमीटरची केबल, रिव्हर्स लाइटच्या स्विचची तार आणि गिअरबॉक्सला येणारी अर्थची तार सुटी करा. ही अर्थची तार परत लावायला विसरलात तर स्टार्टर मरगळल्यासारखा फिरेल आणि तुम्ही बॅटरीला शिव्या घालत बसाल. स्टार्टर मोटरचे बोल्ट काढून मोटर बाजूला टांगून ठेवा, तारेवर लोंबकळू देऊ नका. बेल हाउसिंगचे वरचे बोल्ट इथूनच सोडता येतात. ते सोडा, पण एक हाताने घट्ट करून तसाच राहू द्या.

बोल्टांची लांबी सारखी नसते. मी पुठ्ठ्यावर गिअरबॉक्सचं चित्र काढतो आणि जिथला बोल्ट तिथे भोक पाडून खोचतो. लांब बोल्ट आखूड जागी घुसवला की ॲल्युमिनियमचं कव्हर फुटू शकतं.

खालून

गिअर ऑइल काढण्याआधी वरचा, म्हणजे ऑइल भरण्याचा प्लग उघडून बघा. हा क्रम का, तर खालचा प्लग काढून सगळं ऑइल सांडल्यावर वरचा प्लग जाम आहे असं कळलं, तर ना गाडी चालवता येते ना ऑइल भरता येतं. वरचा सुटला की मग खालचा. ऑइलमध्ये बोट फिरवून बघा. मऊ चांदीसारखी वस्त्रगाळ पूड चालते, टोचणारे तुकडे आले तर गिअरबॉक्सही उघडावा लागणार.

आता ड्राइव्ह शाफ्ट. त्यासाठी चाकाच्या मधला मोठा नट सोडायची गरज नाही, बरेच जण उगाच त्याच्याशी झुंजतात. लोअर आर्मचा (चाकाला खालून धरणाऱ्या दांड्याचा) बॉल जॉइंट जिथे नकलमध्ये, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या भागात बसतो, तिथला आडवा बोल्ट काढा. तो नुसता सैल करून भागत नाही. बॉल जॉइंटच्या दांड्याला मध्यावर खाच असते आणि बोल्ट तिच्यातून गेलेला असतो, म्हणून तो पूर्ण बाहेर यायला हवा. मग आर्मवर पाइप लावून दुसऱ्या माणसाने खाली दाबायचं आणि तुम्ही नकल बाहेर ओढायचं. गंजलेला असेल तर रात्रीच स्प्रे मारून ठेवा.

शाफ्टचं आतलं टोक गिअरबॉक्समध्ये छोट्या सर्क्लिपने (गोल तारेच्या क्लिपने) अडकलेलं असतं. गिअरबॉक्सची भिंत आणि जॉइंटची वाटी यांच्यामध्ये पहार घालून एक नेमका झटका द्यायचा. टक् आवाज होऊन तो सुटतो. शाफ्टला हाताने धरून ओढायचं नाही. ओढल्यास क्लिप सुटत नाही, उलट जॉइंट आतल्या आत निखळतो आणि ग्रीसने भरलेल्या रबरी बूटमध्ये गोळ्या शोधायची पाळी येते. पहार ऑइल सीलच्या ओठाला लागणार नाही याचीही काळजी घ्या. शाफ्ट बाहेर आले की तारेने वर बांधा आणि गिअरबॉक्सच्या भोकांत स्वच्छ कापड कोंबा. ब्रेकचा होजपाइप ताणला जात नाही ना, तेही बघा.

गिअरच्या दांड्या दोन असतात. एक गिअर फिरवते, दुसरी आधाराची. दोन्हींचे बोल्ट सोडा. फिरणाऱ्या दांडीच्या जोडावर रंगाने खूण करून ठेवा.

उतरवणं

या कामातला सगळा धोका पुढच्या अर्ध्या तासात आहे.

गिअरबॉक्सच्या बाजूचं माउंटिंग सोडलं की इंजिनाचं ते टोक लटकतं. म्हणून आधी इंजिनाला आधार. गावाकडचे मिस्त्री दोन्ही मडगार्डच्या आतल्या कडांवर लाकडी ठोकळे ठेवून त्यावर जाड जीआय पाइप आडवा टाकतात आणि साखळीने इंजिनाच्या हुकाला बांधतात. हा देशी जुगाड मला जॅकपेक्षा जास्त विश्वासाचा वाटतो, कारण खालची जागा मोकळी राहते. जॅकच लावायचा असेल तर ऑइल सम्पखाली (इंजिनाच्या तळाचं ऑइलचं पात्र) रुंद फळी ठेवूनच लावा. सम्पचा पत्रा पातळ असतो. तो आत दबला तर ऑइल ओढणाऱ्या जाळीचा श्वास कोंडतो.

दुसरा जॅक गिअरबॉक्सखाली, मध्ये फळी, आणि जुन्या ट्यूबच्या पट्टीने गिअरबॉक्स फळीला बांधलेला. आता माउंटिंगचे बोल्ट काढा, फ्लायव्हीलखालचा धूळ अडवणारा पत्रा काढा, मग बेल हाउसिंगचे उरलेले सगळे बोल्ट. गिअरबॉक्स दोन छोट्या डॉवेल पिनांवर अडकलेला राहील. इंजिन आणि गिअरबॉक्सच्या फटीत पेचकस घालून थोडा थोडा, आळीपाळीने दोन्हीकडून सैल करा. सुटला की सरळ बाजूला ओढायचा, जराही खाली झुकू न देता. इनपुट शाफ्ट क्लच प्लेटच्या मधल्या आट्यांत, म्हणजे लांबीच्या दिशेने कोरलेल्या खाचांत असतो. गिअरबॉक्सचं वजन त्या शाफ्टवर लोंबकळलं तर प्लेटचा मधला भाग वाकतो. जुनी प्लेट वाकली तर फरक पडत नाही, पण चढवताना हीच चूक नव्या प्लेटला भोवते. शाफ्ट पूर्ण बाहेर आला की मगच जॅक खाली.

छातीवर घेऊन उतरवणारे लोक मी पाहिलेत. तसं करू नका.

आत काय दिसतं

बेल हाउसिंगमध्ये काळी भुकटी साठलेली असते. तिला फुंकर मारायची नाही, कंप्रेसरची हवा तर मुळीच नाही. जुन्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. मास्क लावा आणि ब्रेक क्लीनरने भिजवून ओल्या फडक्याने पुसून घ्या.

फ्लायव्हीलच्या दात्यांत जाड पेचकस अडकवून फ्लायव्हील स्थिर करा आणि प्रेशर प्लेटचे बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने, प्रत्येकी एकेक वळसा, असे सैल करत जा. एकच बोल्ट पूर्ण काढून पुढे गेलात तर आतली स्प्रिंग प्लेट वाकडी करते. शेवटचा बोल्ट काढताना हात खाली धरा, नाहीतर क्लच प्लेट पायाच्या अंगठ्यावर येते.

आता घाई न करता बघत बसायची वेळ. प्लेटवरचे रिव्हेट पृष्ठभागाच्या किती आत आहेत? अर्धा मिलीमीटर किंवा कमी उरला असेल तर ती संपलीच. प्लेट तेलकट असेल तर तेल कुठलं ते शोधा. काळं आणि पातळ असेल तर इंजिनाचं, म्हणजे क्रँकचं मागचं सील गेलं. घट्ट आणि कुजक्या अंड्यासारखा उग्र वास येणारं असेल तर गिअर ऑइल, म्हणजे इनपुट शाफ्टचं सील. गळती तशीच ठेवून नवी प्लेट बसवणं म्हणजे गळक्या माठात पाणी भरणं.

फ्लायव्हीलवर निळे डाग, केसासारख्या चिरा किंवा नखाला अडकणाऱ्या चऱ्या दिसल्या तर ते काढून लेथवर फेसिंग करून घ्या. खोल चिरा असतील तर बदला. नुसती चकाकी आली असेल तर ८० ते १२० नंबरच्या पॉलिश पेपरने आडवंतिडवं घासून चकाकी मारा आणि ब्रेक क्लीनरने पुसा. मध्यभागी छोटं बेअरिंग असेल तर बोटाने फिरवून बघा. खरखर लागली तर बदला.

जुना सेट नव्याशेजारी ठेवून व्यास, उंची, बोल्टांची भोकं जुळवा. मग नवी प्लेट हातात घेऊन गिअरबॉक्सच्या इनपुट शाफ्टवर सरकवून बघा. आटे जुळून ती सहज सरकली पाहिजे. मिनिटाचं काम आहे, पण चुकीचा सेट आला असेल तर तो इथेच कळतो.

प्लेट बसवणं, आणि माझी चूक

प्लेटला दोन बाजू असतात. या गाडीत मध्यभागी फुगीर, स्प्रिंगांची बाजू प्रेशर प्लेटकडे, म्हणजे गिअरबॉक्सकडे येते. सपाट बाजू फ्लायव्हीलकडे. बऱ्याच प्लेटवर तसं छापलेलंही असतं. मी पहिल्यांदा केलं तेव्हा संध्याकाळ झाली होती, बॅटरीच्या उजेडात काम चाललं होतं आणि मेहुणा "दाजी, आटपा आता, पाऊस येतोय" म्हणत होता. मी प्लेट उलटी बसवली. गिअरबॉक्स चढला, सगळं जागच्या जागी आलं, गाडी सुरू झाली आणि एकही गिअर पडेना. प्लेटचा फुगीर भाग फ्लायव्हीलच्या बोल्टांना टेकत होता, त्यामुळे पेडल कितीही दाबलं तरी क्लच सुटतच नव्हता. केबल ताणून ताणून मी आणखी तासभर घालवला. दुसऱ्या दिवशी गल्लीतल्या मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी गाडीखाली न वाकताच विचारलं, "साहेब, प्लेट कुणी बसवली?" मी म्हटलं, "मीच." ते म्हणाले, "मग उलटी असेल," आणि चहा घेऊन गेले. गिअरबॉक्स मलाच पुन्हा उतरवावा लागला. तेव्हापासून मी प्लेट बसवताना तिचा फोटो काढून ठेवतो, प्रेशर प्लेट लावायच्या आधी.

प्लेट फ्लायव्हीलला टेकवा, वर प्रेशर प्लेट ठेवा, बोल्ट बोटांनी लावा. आता मध्य साधायचा. प्रेशर प्लेट आवळल्यावर प्लेट हलत नाही आणि ती एक मिलीमीटर जरी सरकलेली राहिली तरी इनपुट शाफ्ट आत जाणार नाही. प्लास्टिकची मध्य साधणारी दांडी सेटसोबत मिळत असेल तर छान. जुन्या गिअरबॉक्सचा इनपुट शाफ्ट कुठे भंगारात मिळाला तर त्याहून छान, बहुतेक गॅरेजमध्ये तोच वापरतात. काहीच नसेल तर योग्य जाडीच्या लाकडी दांडीला टेप गुंडाळून माप आणा. दांडी आत घालून प्लेट मध्यावर धरा आणि बोल्ट समोरासमोरच्या क्रमाने थोडे थोडे आवळा. शेवटचा जोर २० ते २५ न्यूटन-मीटर पुरे. टॉर्क रेंच नसेल तर आखूड पान्याने मनगटाच्या ताकदीवर. खांद्याची ताकद लावली तर बोल्ट तुटतो. आवळल्यावर दांडी सहज बाहेर आली आणि पुन्हा आत गेली, तर मध्य साधला.

या सगळ्यात प्लेटच्या किंवा फ्लायव्हीलच्या पृष्ठभागाला तेलकट बोट लागू देऊ नका. लागलंच तर ब्रेक क्लीनर.

नवं रिलीज बेअरिंग बसवताना ते पेट्रोलमध्ये धुवायचं नाही. आतलं ग्रीस कायमचं असतं, ते धुवून गेलं की बेअरिंग महिनाभरात रडायला लागतं. फोर्क (बेअरिंग ढकलणारा भाग) जिथे टेकतो तिथे, बेअरिंग सरकतं त्या नळीवर आणि आट्यांवर अगदी पुसट ग्रीस. जास्त लावलं तर उडून प्लेटवर जातं. फोर्कची दांडी हलवून बघा. ती घट्ट असेल तर नव्या क्लचचंही पेडल जड लागेल.

परत चढवणं

उतरवताना गुरुत्वाकर्षण तुमच्या बाजूने होतं, आता नाही. गिअरबॉक्स कुठल्यातरी गिअरमध्ये टाकून ठेवा. त्यामुळे ड्राइव्ह शाफ्टच्या भोकातून आतला भाग फिरवला की इनपुट शाफ्टही फिरतो आणि आटे जुळवता येतात. गिअरबॉक्स जॅकवर वर आणा आणि इंजिन व गिअरबॉक्समधली फट वर-खाली, दोन्हीकडे सारखी दिसेल असा कोन साधा. बहुतेक अडथळा इथेच असतो. फट वर जास्त, खाली कमी असेल तर शाफ्ट तिरका आहे आणि कितीही रेटलंत तरी जाणार नाही. कोन जमला की एकाने हलकेच ढकलायचं, दुसऱ्याने आतला भाग फिरवायचा. आटे जुळले की गिअरबॉक्स स्वतःहून आत सरकतो.

शेवटचा सेंटिमीटर उरला की मोह होतो, बोल्ट लावून ओढून घेऊ. नको. बोल्टांनी ओढलं तर प्लेटचा मध्य फुटतो किंवा बेल हाउसिंगचा कान तुटतो. हाताने फट पूर्ण मिटली, डॉवेल पिना बसल्या, तरच बोल्ट. मिटत नसेल तर मागे घ्या, मध्य पुन्हा तपासा, चहा प्या. माझा पहिला गिअरबॉक्स चाळीस मिनिटांनी बसला आणि दुसऱ्यांदा, प्लेट सुलटी केल्यावर, पाचव्या मिनिटाला.

पुढचं सगळं उलट्या क्रमाने. माउंटिंग लागेपर्यंत इंजिनाचा आधार काढायचा नाही. ड्राइव्ह शाफ्ट बसवताना सीलच्या ओठाला गिअर ऑइलचं बोट लावा आणि शाफ्ट सरळ ढकला. सर्क्लिप बसल्याचा टक् आवाज ऐका, मग हलकेच ओढून खात्री करा. बॉल जॉइंटची खाच बोल्टासमोर आली तरच बोल्ट आरपार जातो. हातोडीने ठोकून घालू नका. ऑइल भरताना मात्र गाडी पुढून वर उचललेली नको, नाहीतर पातळी चुकीची दाखवेल. चाकं लावून गाडी जमिनीवर आणा आणि मग भरण्याच्या भोकातून ऑइल परत गळायला लागेपर्यंत भरा. दोन लिटरच्या आसपास लागतं. काढलेलं जुनं ऑइल डब्यात साठवून गॅरेजवाल्याला द्या. गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका.

पेडल आणि पहिली फेरी

केबल लावून नट इतका आवळा की रिलीजच्या दांडीवर दोन-चार मिलीमीटरची मोकळी हालचाल राहील. पेडलवर ती साधारण दीड-दोन सेंटिमीटर जाणवते. मॅन्युअलमधला आकडा शेवटचा मानावा. इंजिन सुरू करून पेडल पूर्ण दाबा, तीन-चार सेकंद थांबा आणि रिव्हर्स टाका. आवाज न करता पडला तर क्लच पूर्ण सुटतोय. कर्रर्र झालं तर मोकळीक थोडी कमी करा. तरीही होत असेल तर प्लेट बसवताना काढून ठेवलेला फोटो बघा, ती उलटी तर नाही ना.

घराभोवती एक फेरी मारा, मग गाडी उभी करून चाकांचे नट पुन्हा आवळा आणि खाली वाकून ड्राइव्ह शाफ्टच्या सीलपाशी थेंब दिसतोय का बघा. पहिले पाचशे किलोमीटर चढावर हाफ क्लचवर गाडी धरून ठेवू नका, हँडब्रेक वापरा. सुरुवातीला थोडा नवा वास येतो, तो दोन दिवसांत जातो. आणि शंभरेक किलोमीटरनंतर पेडलची मोकळीक पुन्हा तपासा. नवी प्लेट बसते, केबल थोडी ताणते, नटाला आणखी अर्धा वळसा लागतो. माझ्या गाडीला दोन्ही वेळा लागला.